गोव्यातली जुनी घरं बघायला निघालात? मग आधी घराचं तोंड कुठे आहे ते बघा

आमच्याकडे पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की दोन दिवस बीच होतो आणि तिसऱ्या दिवशी हमखास कोणीतरी म्हणतं की ती रंगीत घरं कुठेत गं, तिकडे ने ना. मी नेते, पण होतं काय की पिवळ्या भिंतीसमोर दहा फोटो, निळ्या भिंतीसमोर दहा फोटो आणि अर्ध्या तासात चला आता जेवायला. घर बघायचं राहूनच जातं. म्हणून मी कशी बघते ते सगळं एकदा लिहून टाकते.

सुरुवात पणजीच्या फोंताइन्यास या जुन्या वस्तीपासून करा, कदंब बसस्टँडवरून चालत जाता येतं, पाटोचा पूल ओलांडून खाडी पार केली की आलंच. सकाळी नवाच्या आत पोचा, कारण एकतर ऊन तिरपं असतं, गल्लीत गर्दी नसते आणि पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत पाव घालत फिरत असतो तेव्हा त्या गल्ल्या खऱ्या दिसतात. गाडी नकोच, गल्ल्या अरुंद आहेत. आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याला झरा आहे, त्यावरूनच वस्तीला हे नाव पडलं. जाता जाता सां सेबास्तियांवचं छोटं चॅपल बघून घ्या, 1818 चं आहे, आतला क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आलेला आणि त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत.

आता घरं. पहिली गोष्ट रंग नाही, पहिली गोष्ट म्हणजे घर कुठे बघतंय. फोंड्याकडचं जुनं हिंदू घर आत बघतं, मधे राजांगण, तिथे तुळस, सगळ्या खोल्या त्याच्याभोवती, आणि रस्त्याकडून बघाल तर साधी भिंत आणि बारक्या खिडक्या. ख्रिश्चन घर बाहेर बघतं, मोठ्या खिडक्या, गॅलऱ्या, पायऱ्या आणि पुढे बाल्कांव, सगळं रस्त्याच्या दिशेनं. पण मोठ्या ख्रिश्चन घरांत मागे गेलात की पुष्कळदा मधला चौक तसाच असतो, म्हणजे जुनं घर आत तसंच राहिलं आणि तोंड तेवढं रस्त्याकडे वळलं. हे एकदा लक्षात आलं ना की गोव्याचा अर्धा इतिहास घराच्या नकाशातच दिसायला लागतो, मला तरी हे सगळ्यात भारी वाटतं.

मग बाल्कांव बघा. दारापुढचा छपराचा ओटा, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसायची पक्की बाकं, त्यांना इथे सोपो म्हणतात. संध्याकाळी घरची माणसं तिथे बसणार, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणार. पण तो घराचाच भाग आहे हे विसरू नका. मी पहिल्या वर्षी एका सोप्यावर खुशाल बसून फोटो काढत होते, तर दार उघडून एक म्हाताऱ्या आंटी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बाय, आदीं विचारूंक जाय आशिल्लें," म्हणजे आधी विचारायला हवं होतं. मला इतकं वाईट वाटलं की मी तिथल्या तिथे माफी मागितली, आणि मग त्यांनीच मला आत बोलावून खिडकी दाखवली.

ती खिडकी म्हणजे शिंपल्यांची. काच परवडायची नाही त्या काळात चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्या चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकावर एक सरकवायचे. जवळ जाऊन बघाल तर प्रत्येक तुकड्यावर वेगळ्या रेषा, काही पिवळट, काही दुधी. बाहेर कडक ऊन होतं आणि आत पायाखाली ताकासारखा उजेड पडला होता, डोळ्यांना अजिबात त्रास नाही. आता हा शिंपला वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, त्यामुळे तुकडा फुटला की तसाच मिळणं अवघड, लोक काच बसवून घेतात. म्हणून अशी खिडकी दिसली तर थांबा, आणि हात लावू नका प्लीज.

रंगाबद्दल जुने लोक सांगतात की पोर्तुगीज काळात पाऊस संपला की दरवर्षी घर रंगवावंच लागायचं आणि पूर्ण पांढरा रंग फक्त चर्चला. खरं तर रंग द्यायला लागतो तो पावसामुळे. भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्याची, वर चुन्याचा गिलावा, पाणी मुरलं की संपलं. म्हणून छप्पर उतरतं आणि पुढे आलेलं, कडेला लाकडाची कातरकाम केलेली झालर. कौलांवर कोंबडा, गेटच्या खांबावर सिंह किंवा शिपाई दिसतात, तेही शोधा, मुलांना मजा येते.

वेळ असेल तर दुसरा दिवस दक्षिण गोव्याला द्या. मडगावहून लोटली आणि चांदर दोन्ही जवळ. चांदरला ब्रागांझांचा वाडा, वरच्या मजल्यावर खिडक्यांची रांग संपता संपत नाही, एकाच घराचे दोन भाग आणि दोन कुटुंबं. पत्रकार लुईश द मिनेझिस ब्रागांझा (1878-1938) याच घराण्यातले. केप्याला कुशावतीच्या काठावर 1787 चा डीनचा, म्हणजे चर्चमधल्या एका मोठ्या धर्मगुरूचा, वाडा आहे, बाग फार सुंदर. आणि मुळातून समजून घ्यायचं असेल तर बार्देशात तोर्ड्याला जेरार्ड द कुन्हा या आर्किटेक्टनं केलेलं गोव्याच्या घरांचं म्युझियम आहे, ते आधी बघा.

चांदर-लोटलीच्या घरांत लोक राहतात, म्हणून दुपारी एक ते चार जाऊ नका, आत फोटो चालतात का ते विचारा आणि देखभालीसाठी पैसे ठेवा, एवढी कौलं सांभाळणं फार खर्चाचं आहे. बेल एकदाच वाजवा आणि थांबा, एवढ्या मोठ्या घरात वयस्कर माणसाला जिना उतरून दारापर्यंत यायला वेळ लागतो.