महिला बंदींच्या सुधारणा-कार्यक्रमांसाठी पाठपुरावा करताय? या चुका टाळा

कारागृहातील महिला (महिला बंदी) आणि निरीक्षणगृहातील, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालील मुलांना ठेवतात तिथल्या, मुली यांच्यासाठी चांगले कार्यक्रम सुरू व्हावेत म्हणून दरवर्षी निवेदने दिली जातात, परिसंवाद होतात, ठराव मंजूर होतात. त्यातील बहुतेक कागद ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात आणि फायलीत पडून राहतात. दोष कार्यालयाच्या माथी मारणे सोपे असते. पण अशी निवेदने शांतपणे वाचली, तर अनेकदा असे दिसते की ज्याच्या टेबलावर ती पोहोचली, त्याला स्वतःच्या सहीने करता येईल असे त्यात काही मागितलेलेच नव्हते. समाजकार्यकर्ते, वकील, समुपदेशक आणि संस्थाचालक यांच्याकडून होणाऱ्या अशाच चुकांचा हा आढावा असून तो प्रामुख्याने महाराष्ट्रातील व्यवस्थेला धरून आहे.

चुकीच्या दारावर टकटक

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे कारागृहे हा राज्यसूचीतील विषय आहे. तरीही बरीच निवेदने थेट दिल्लीला जातात. केंद्राने 2023 मध्ये आदर्श कारागृह व सुधारसेवा अधिनियम तयार करून राज्यांकडे पाठवला आणि त्याआधी 2016 मध्ये आदर्श कारागृह नियमपुस्तिका दिली. मात्र ‘आदर्श’ याचा अर्थ नमुना एवढाच असल्याने त्यातील तरतूद राज्याने आपल्या कायद्यात किंवा नियमांत घेतल्याशिवाय तिच्या आधारे अधीक्षकाकडे हक्क सांगता येत नाही. महाराष्ट्रात प्रौढ महिला बंदींचा विषय गृह विभाग आणि पुण्यातील कारागृह मुख्यालयाकडे असतो, तर अठरा वर्षांखालील मुलींची निरीक्षणगृहे महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत येतात. मोफत वकिलाचा प्रश्न जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा आहे. हे तिन्ही विषय एकाच पत्रात कोंबले, की प्रत्येक कार्यालयाला ‘उर्वरित मुद्दे आमच्याशी संबंधित नाहीत’ असे लिहून मोकळे होता येते, आणि ते तसे होतातही.

कच्च्या कैदी महिलांसाठी पक्क्या कैद्यांचे कार्यक्रम मागणे

माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 च्या अखेरीस देशातील कारागृहांत 5,73,220 बंदी होते आणि त्यांत महिला 23,772, म्हणजे साधारण चार टक्के. एकूण बंदींपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, बोलीभाषेत ‘कच्चे’ होते (शिक्षा झालेले ते ‘पक्के’). असे असताना आपण मागणी करतो ती सहा महिन्यांच्या शिवणकामाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची. जिचा जामीन आज ना उद्या होणार आहे, जिला तारखेला न्यायालयात जावे लागते आणि जिला काम करण्याची सक्तीही करता येत नाही, ती हा अभ्यासक्रम पुरा करील तरी कशी? मग हजेरीपटावर गळती दिसते आणि पुढच्या वर्षी ‘महिलांचा प्रतिसाद अल्प’ या कारणाने तो कार्यक्रमच बंद होतो.

न्यायाधीन महिलेची पहिली गरज बाहेर पडण्याची असते. त्यामुळे तिच्यासाठीचा सुधारणा-कार्यक्रम वकील, जामीन आणि जामीनदार यांच्यापासूनच सुरू झाला पाहिजे. इथे कायदा आपल्या बाजूने बराच स्पष्ट आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार महिला आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480 मध्ये गंभीर गुन्ह्यांतही आरोपी महिला असल्यास न्यायालयाला जामिनाचा विचार करता येतो. कलम 479 नुसार पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या न्यायाधीन व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला असेल तर तिला बंधपत्रावर, म्हणजे हजर राहण्याच्या लेखी हमीवर, सोडण्याची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळलेले आहेत, तसेच एकापेक्षा अधिक गुन्हे किंवा प्रकरणे प्रलंबित असली तर हा लाभ मिळत नाही. ही तरतूद संहिता लागू होण्यापूर्वीच्या प्रकरणांनाही लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केले. विशेष म्हणजे मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी याच कलमाने कारागृह अधीक्षकावर टाकलेली आहे.

आता दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिले: ‘महिला कैद्यांना न्याय व सन्मान मिळावा यासाठी शासनाने ठोस पावले उचलावीत.’ दुसरे: ‘कलम 479 खाली पात्र ठरणाऱ्या महिला बंदींची यादी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तयार करून ती कच्चे कैदी आढावा समितीच्या बैठकीपुढे ठेवावी आणि किती अर्ज दाखल झाले याची नोंद इतिवृत्तात घ्यावी.’ पहिल्यावर कोणीही मान डोलावतो. दुसऱ्यावर हो किंवा नाही असे उत्तर द्यावेच लागते, कारण त्या समितीत जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक बसलेले असतात.

जामीन मंजूर झाला म्हणजे प्रश्न सुटला, असे समजणे हीदेखील याच चुकीची शाखा म्हणावी लागेल. जामिनाचा आदेश फायलीत आहे, पण पंधरा-वीस हजारांचा जामीनदार मिळत नाही म्हणून बाई आतच आहे, हे चित्र कारागृहात काम करणाऱ्या कोणालाही नवे नाही. त्यातही कागदांचा गुंता वेगळाच असतो. आधार कार्डावर माहेरचे नाव, आरोपपत्रात सासरचे, शिधापत्रिकेतून नाव कमी झालेले आणि भाड्याच्या खोलीचा मालक पत्ता द्यायला नाखूश. नवरा किंवा सासरचे लोक हेच प्रकरणातील फिर्यादी किंवा सहआरोपी असले, तर जामीनदार आणायचा कुठून? केंद्राच्या 2023 च्या गरीब बंदी साहाय्य योजनेत जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्या बंदींच्या दंडासाठी 25,000 रुपयांपर्यंत मदतीची सोय करण्यात आली. जामिनाच्या आदेशानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृहाने ते विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते. हे सात दिवस मोजले जातात का, एवढाच प्रश्न लेखी विचारून पाहावा. मात्र अमली पदार्थविरोधी कायद्याखालील प्रकरणे या योजनेतून वगळलेली आहेत, हे न पाहता सरसकट सर्व महिलांची यादी जोडली, तर ती यादीच परत येते.

पापड, शिवण आणि ब्युटी पार्लर

शिक्षा झालेल्या महिलांसाठी प्रशिक्षण मागताना आपली कल्पनाशक्ती या तीन शब्दांपलीकडे क्वचितच जाते. या कामांत कमीपणा काही नाही, पण सुटून आलेल्या बाईला पापड लाटून घरभाडे भरता येईल का, हा हिशेब मागणीपत्रात कधीच मांडलेला नसतो. कामाची मागणी करताना मजुरीची मागणी सोबत असावी. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने 1 मे 2022 पासून येरवडा येथे ‘जिव्हाळा’ योजनेतून बंदींना 50,000 रुपयांपर्यंत कर्ज देण्यास सुरुवात केली. असे कर्ज फेडायचे ते आतल्या मजुरीवर, आणि म्हणून महिलांना कोणत्या श्रेणीचे काम दिले जाते हा प्रश्न थेट त्यांच्या कर्ज मिळवण्याच्या क्षमतेशी जोडलेला आहे. येरवड्यात महिलांसाठी खुले, म्हणजे कमी बंदोबस्ताचे, कारागृहही आहे. तिथे किती जागा भरलेल्या आहेत आणि पात्र महिलांना तिथे पाठवण्यात काय अडते, हे विचारणे नव्या इमारतीची मागणी करण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते.

कामाच्या वाटपाबाबत आणखी एक मुद्दा हातातून निसटतो. सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरवले. महिला विभागात झाडलोट आणि स्वयंपाक कोणाकडे आहे, याची तपासणी मागण्यास आता भक्कम आधार आहे, तरी आपल्या मागणीपत्रांत त्याचा उल्लेख फार कमी दिसतो.

आत असलेल्या मुलांपुरतेच पाहणे

कारागृहातील बाळाचे छायाचित्र सर्वांना हलवते, म्हणून खेळणी आणि पाळणाघर यांसाठी देणगीदार लवकर मिळतात. 2022 च्या आकडेवारीत 1,537 महिलांसोबत 1,764 मुले आत होती. आर. डी. उपाध्याय प्रकरणात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आईजवळ राहू देण्यासह पाळणाघर आणि बालवाडी यांबाबत सविस्तर निर्देश दिले. शक्यतो प्रसूती कारागृहाबाहेर व्हावी आणि जन्मदाखल्यावर कारागृहाचा उल्लेख नसावा, असेही त्यात सांगितले आहे. या निर्देशांचा परिच्छेद नोंदवून मागणी करावी. बाहेर राहिलेल्या मोठ्या मुलांचे काय, हा प्रश्न मात्र आपल्याकडून सुटतो. त्यांच्यासाठी ‘गळाभेट’ सारखा, मुलांना आईला प्रत्यक्ष जवळ घेऊन भेटता येणारा उपक्रम नियमित होणे, बालकल्याण समितीकडे माहिती जाणे आणि अशा मुलांच्या सांभाळासाठी आर्थिक मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेचा अर्ज भरला जाणे या तीन गोष्टी कोणत्याही खेळण्यापेक्षा आईची घालमेल अधिक कमी करतात.

मुलींना ‘लहान कैदी’ समजणे

बाल न्याय अधिनियम, 2015 च्या भाषेत मुलगी आरोपी किंवा कैदी नसते, ती ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असते आणि तिला पोलीस कोठडीत किंवा कारागृहात ठेवता येत नाही. तिचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते, तर काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलीचा निर्णय बालकल्याण समिती घेते. घरातून पळालेली किंवा देहव्यापारातून सोडवलेली मुलगी आणि चोरीच्या आरोपाखालील मुलगी यांच्यासाठी एकच ‘सुधारणा’ कार्यक्रम मागणे म्हणजे पहिलीला विनाकारण दोषी ठरवणे होय. शिवाय कलम 74 नुसार मुलीची ओळख उघड करणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अहवालाच्या मुखपृष्ठावर चेहरा धूसर करून शाळेचा गणवेश तसाच ठेवणाऱ्यांनी हे कलम वाचून घ्यावे.

माहिती कशी मिळवली, याकडे दुर्लक्ष

बंदी महिलेने सांगितलेली तक्रार नाव, बॅरेक आणि तारखेसह जशीच्या तशी पत्रात उतरवली, की तिचा त्रास तिथेच सुरू होऊ शकतो. आपण संध्याकाळी घरी जातो, ती जात नाही. 2017 मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका बंदी महिलेचा मृत्यू होऊन कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला, तो प्रसंग कोणी विसरू नये. म्हणून तक्रार गंभीर असेल तर ती महिलेच्या संमतीने आणि वकिलामार्फत न्यायालयापुढे न्यावी. सर्वसाधारण स्थिती मांडायची असेल तर अनेकींच्या अनुभवांतून ओळख पुसून मांडावी.

या बाबतीत शीला बर्से प्रकरण अजूनही उपयोगी आहे. मुंबईतील महिला आरोपींना कोठडीत मारहाण होते, असे पत्र एका पत्रकार महिलेने सर्वोच्च न्यायालयाला लिहिले. न्यायालयाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना कारागृहात जाऊन महिलांच्या मुलाखती घेण्यास सांगितले आणि त्या अहवालानंतर फेब्रुवारी 1983 मध्ये निर्देश दिले. केवळ महिलांसाठी स्वतंत्र कोठड्या, महिला पोलिसांच्या उपस्थितीतच चौकशी, आणि अटक झालेल्या व्यक्तीचे हक्क मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावणे, असे त्या निर्देशांचे स्वरूप होते. तो कागद आज भिंतीवर आहे का, हे कोणत्याही अभ्यागताला पाच मिनिटांत पाहता येते.

मागणी मान्य झाल्यावर हात झटकणे

शासन निर्णय निघाला की अभिनंदनाचे पत्रक काढून बहुतेक जण थांबतात. पण निर्णयासोबत पद आणि निधी मंजूर झाला का, हे पुढच्या अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांतच कळते. त्यामुळे आमदारांना तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, मसुदा द्यायचा असेल तर तो अधिवेशन सुरू झाल्यावर नेऊन उपयोग नसतो. अधीक्षक बदलतात आणि नव्या अधिकाऱ्याला आधीची बैठक ठाऊक नसते, म्हणून प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त मागून घ्यावे आणि पोच घेतलेली प्रत जपावी. माहिती अधिकाराचा अर्ज करताना ‘महिलांसाठी काय केले’ असे विचारल्यास दोन ओळींचे उत्तर येते. त्याऐवजी एका कारागृहाची, एका वर्षाची, समुपदेशकाच्या भरलेल्या व रिक्त पदांची आणि प्रत्यक्ष खर्चाची माहिती मागावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करावे, आणि ते करण्याची तारीख अर्ज टाकतानाच वहीत लिहून ठेवावी.