जर्मन आडनावाचा उगम आणि आढळ कसा शोधावा

बडोद्याच्या सयाजीबागेतील संग्रहालयाविषयी वाचू लागले की १९४० च्या दशकात त्याचे संचालक असलेले जर्मन कला-इतिहासकार हर्मन गोएट्झ यांचे नाव हटकून समोर येते. फडणीस, चिटणीस, पोतनीस या आडनावांची उकल लहानपणापासून ऐकत आलेल्या इथल्या मराठी वाचकाला ‘गोएट्झ म्हणजे काय?’ असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तेच आडनाव घेऊन शोधाची रीत सांगतो.

आरंभ लेखनभेदांपासून करावा. रोमन लिपीत ‘ओ’ आणि ‘ई’ ही अक्षरे शेजारी दिसली, तर ती बहुधा डोक्यावर दोन टिंबे असलेल्या एकाच जर्मन स्वराच्या जागी आलेली असतात. म्हणजे ‘गोएट्झ’ हे मुळात ‘ग्योट्झ’च. म्हणून दोन्ही रूपे टिपून दोन्हींचा शोध घ्यावा. ‘मायर’ हे एकच आडनाव तर निदान चार प्रकारे लिहिले जाते.

शब्दकोश मात्र लगेच उघडू नये. ‘ग्योट्झे’ या आजच्या जर्मन शब्दाचा अर्थ खोटा देव किंवा मूर्ती असा आहे, आणि नवखा शोधक इथेच फसतो. आडनावातील ‘ग्योट्झ’ हे मुळात गॉटफ्रीड या नावाचे घरगुती, लाडके रूप आहे, जसे आपल्याकडे पांडुरंगाचे पांडू होते. सोळाव्या शतकात प्रसिद्धीस आलेला ग्योट्झ फॉन बेर्लिशिंगेन हा सरदार मूळचा गॉटफ्रीडच होता. त्या नावात ‘देव’ आणि ‘शांतता’ असे दोन शब्द आहेत.

यानंतर आढळ पाहावा, आणि माझ्या मते शोधाचा खरा गाभा हाच आहे. माइन्झ येथील अकादमीच्या जर्मन आडनावांच्या डिजिटल कोशात अनेक आडनावांचे नकाशे पाहता येतात. त्यांतील मोजणी २००५ च्या दूरध्वनी-जोडण्यांवर आधारलेली असल्याने ती माणसांची शिरगणती समजू नये. नुसत्या संख्येने बर्लिन, म्युनिक ही मोठी शहरे नेहमीच ठळक दिसतात, म्हणून लोकसंख्येच्या प्रमाणात आडनाव कुठे दाट आहे तेच पाहावे. ग्योट्झ असे पाहिले तर दक्षिणेकडे दाट दिसते. गाडी बनवणाऱ्या सुताराचे आडनाव दक्षिणेत आणि मध्यभागी वाग्नर, वायव्येत राडमाखर, पूर्वेत श्टेलमाखर असे होते. म्हणजे बोलीभाषेची सीमा आडनावांतही उमटलेली असते. गावावरून पडलेल्या आडनावांत मात्र नकाशा उलटा वाचावा लागतो: न्यूर्नबेर्गर हे नाव न्यूर्नबेर्गमध्ये राहून नव्हे, ते गाव सोडून दुसरीकडे वसल्यावर पडते, जसे नाशिककर हे नाव नाशिकबाहेर गेल्यावरच उपयोगाचे ठरते.

आडनाव कधी स्थिर झाले हेही पाहावे. पश्चिम आणि दक्षिणेकडील शहरांत ते बाराव्या शतकापासून रुजू लागले, तर जर्मनीच्या वायव्य किनाऱ्यावरील पूर्व फ्रिसिया या प्रदेशात वडिलांचेच नाव पुढे लावण्याची चाल इतकी पक्की होती की स्थिर आडनावाची सक्ती १८११ मध्ये नेपोलियनच्या अमलात करावी लागली.

गोएट्झ यांचा जन्म १८९८ मध्ये कार्ल्सरूहे येथे, म्हणजे दक्षिणेतच झाला. हे नकाशाशी जुळते, परंतु त्यावरून सारे ग्योट्झ एका कुळातले ठरत नाहीत, कारण गॉटफ्रीड नावाचे पुरुष गावोगाव होते आणि प्रत्येकाच्या घराण्याला हे नाव स्वतंत्रपणे चिकटू शकते. विशिष्ट घराण्याचा माग हवा असेल तर कागदपत्रांकडेच जावे. संपूर्ण जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जानेवारी १८७६ पासून आहे; त्याआधीच्या काळासाठी मुख्य आधार चर्चच्या नोंदवह्यांचा. त्या ‘कुरेंट’ या वळणाच्या हस्ताक्षरात असतात आणि आजच्या सामान्य जर्मन माणसालाही सहज वाचता येत नाहीत. मोडीतील जुने दप्तर ज्याने उलगडले आहे, त्याला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. आधी एका नोंदवहीतील ओळखीची नावे वाचून अक्षरवळणे पाठ करावीत, मग पुढे जावे. पत्रव्यवहार करताना प्रांताचे नाव पुरत नाही. गाव आणि पंथ, म्हणजे कॅथलिक की प्रोटेस्टंट, हे दोन्ही कळवावे, कारण चर्चच्या वह्या त्याच दोन आधारांवर ठेवलेल्या असतात.