शुगर आहे? मग डोळ्याचा पडदा असा तपासून घ्या

चष्म्याच्या दुकानात शेवटची ओळ वाचता आली म्हणजे पडदा ठीक आहे, असं नसतं. मधुमेहात पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि तरीही नजर बराच काळ स्वच्छ राहते. म्हणून टाइप २ असेल तर निदान होताच, टाइप १ असेल तर ५ वर्षांच्या आत पहिली तपासणी करा. पुढे सहसा दरवर्षी एकदा.

नंबर लावतानाच सांगा, "थेंब टाकून पडदा बघायचाय." पुण्यात ससून रुग्णालयात किंवा महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात चौकशी करता येईल. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट आणि बीपीच्या गोळ्यांची यादी बरोबर घ्या. शुगर आणि बीपी आटोक्यात नसतील तर डोळ्याचे उपचारही तोकडे पडतात.

आता खास पुणेकरांसाठी: स्कूटर घरी ठेवा. थेंबांनी बाहुली मोठी होते, ४ ते ६ तास धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही. "इथे पेठेतच तर जायचंय" हे नको. रिक्षा करा, गॉगल न्या, सोबत कोणीतरी असू द्या.

पडद्याच्या मध्यभागी सूज आहे का, हे ओसीटी स्कॅनमध्ये (प्रकाशाने काढलेल्या पडद्याच्या चित्रात) कळतं. त्याला सुई लागत नाही. डोळ्याची अँजिओग्राफी (पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांचे फोटो) सांगितली तर हातातून रंग टोचतात. मग दिवसभर लघवी गडद पिवळी होते, घाबरू नका.

सूज असेल तर बहुधा डोळ्यात इंजेक्शन. ऐकूनच अंगावर काटा येतो, पण आधी डोळा बधिर करतात. एकाने भागत नाही, सुरुवातीला महिन्याला एक अशी बरीच लागतात. बेवासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबर्सेप्ट या इंजेक्शनांच्या किमतींत मोठा फरक आहे, तेव्हा पहिल्याच भेटीत पूर्ण खर्चाचं विचारा, संकोच कसला? घरी आल्यावर दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी परत जा.

पडद्यावर नव्या, नाजूक वाहिन्या उगवू लागल्या असतील तर लेझर. तो उरलेली नजर राखतो, गेलेली परत आणत नाही, आणि रात्रीचं किंवा कडेचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं. आत रक्त साचून राहिलं किंवा पडदा ओढला जाऊ लागला तर शस्त्रक्रिया. तीत डोळ्यात वायू भरला असेल, तर तो विरेपर्यंत विमान बंद. महाबळेश्वरचा घाटही डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढू नका: उंचीवर हवेचा दाब कमी होतो, वायू फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो.