ॲम्बेसेडरचा ऑइल फिल्टर: घेताना काय बघायचं

जुन्या ॲम्बेसेडरचा फिल्टर मागितल्यावर दुकानदाराने ‘इंजिन कोणतं?’ असं विचारलं नाही, तर पुढच्या दुकानात जावं. 1489 सीसीचं बी-सिरीज (मूळ ब्रिटिश घडणीचं) पेट्रोल, डिझेल आणि नंतर आलेलं इसुझूचं 1.8 लिटर पेट्रोल या तिन्ही गाड्या बाहेरून एकसारख्याच दिसतात. खाली लिहिलंय ते बी-सिरीजबद्दल. हेच इंजिन मॉरिस ऑक्सफर्ड आणि एमजीए 1500 मध्येही होतं, त्यामुळे सुटे भाग परदेशातूनही मागवता येतात.

आधी इंजिनावर काय बसलंय ते पाहा. मधोमध लांब बोल्ट असलेला पत्र्याचा किंवा ओतीव डबा असेल, तर फक्त आतलं एलिमेंट, म्हणजे तेल गाळणारा कागदी भाग, बदलायचं. कोणी ॲडाप्टर लावून आटे असलेला अख्खा फिल्टर बसवला असेल, तर गोष्ट वेगळी.

डब्याचा प्रकार असेल तर जुनं एलिमेंट फेकू नका. उंची, बाहेरचा व्यास आणि दोन्ही टोकांच्या भोकांचा व्यास वर्नियरने मोजून घ्या. डबे एकाच बनावटीचे नसतात, म्हणून नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही. एलिमेंट आखूड असेल तर स्प्रिंग ते वरपर्यंत दाबत नाही. मग तेल कागदातून न जाता बाजूने निसटतं. बाहेर थेंबही गळत नाही, प्रेशर ठीक दिसतं आणि बेअरिंगं मात्र झिजत राहतात.

डब्याच्या आतलं सामान जुन्या एलिमेंटसोबत कचऱ्यात जाण्याची शक्यता जास्त, कारण ते तेलाने चिकटून बाहेर येतं. बोल्टवर खालून वर हा क्रम हवा: स्प्रिंग, लोखंडी वॉशर, रबर किंवा नमद्याचं सील, त्यावर दाबपट्टी आणि मग एलिमेंट. सील नसेल किंवा कडक झालं असेल, तर बोल्टलगतच्या फटीतून न गाळलेलं तेल सरळ पुढे जातं. एलिमेंट कितीही महागाचं आणलं तरी इथे उपयोग नाही.

आता मोठी रबर रिंग. ती डब्याला नसते, वरच्या हेडच्या, म्हणजे डबा ज्यावर आवळला जातो त्या बैठकीच्या, खाचेत असते. जुनी रिंग दाबून-दाबून इतकी चपटी आणि काळी झालेली असते की खाचेचा तळच वाटते. तिच्यावर नवी बसवली की गाडी सुरू होताच तेलाची धार लागते. टॉर्च आणि टोकदार टोच्या घ्या, खाचेत टोचून बघा: रुतलं तर रबर, खरवडलं तर धातू. पाकिटात कधी दोन-तीन जाडीच्या रिंगा येतात. त्या सगळ्या बसवायच्या नसतात. जी खाचेत ताण न देता सपाट बसते ती एकच. बोल्ट 15 पौंड-फुटाच्या आसपास आवळला की पुरे. जोर लावला तर डबा वाकतो.

ॲडाप्टर असेल तर मोजमाप स्टडचं, म्हणजे फिल्टर ज्यावर फिरवून बसवतात त्या आटेदार दांड्याचं. ब्रिटिश इंजिनांवर बहुधा पाऊण इंच व्यासाचा, म्हणजे 19 मिलिमीटरचा, इंचाला 16 आट्यांचा स्टड येतो. बाजारात 20 मिलिमीटर, 1.5 पिचचे (दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर) फिल्टर भरपूर मिळतात आणि घोळ इथेच होतो: 20 चा फिल्टर 19 च्या स्टडवर चढतो. ढिला चढतो, पुढे अडल्यासारखा होतो, आणि माणसाला वाटतं घट्ट बसला. थंड इंजिनाच्या प्रेशरला आटे सोडून तो निसटला, तर चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) रिकामा व्हायला वेळ लागत नाही. फिल्टर पहिल्या दोन फेऱ्यांत हलत असेल तर परत करा. गॅस्केट हेडच्या सपाट भागावर पूर्ण टेकतं का, हेही कोरडंच लावून बघा.

ॲडाप्टरवर फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसत असेल, तर तेल परत जाऊ न देणारा रबरी पडदा असलेलाच घ्या. तोंडाजवळच्या छोट्या भोकांतून तो दिसतो, बोटाने दाबला की लवचिक लागायला हवा. तो नसेल तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. सकाळी तेलाचा लाल दिवा रेंगाळतो, टॅपेट खडखडतात. तोंड वर असलेल्या फिल्टरला पडदा नसला तरी चालतं. लांबीही बघा, एक्झॉस्टला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला टेकता कामा नये.

जुन्या विलीस घडणीच्या जीपवर वेगळाच हिशेब: तिथला फिल्टर बायपास असतो. सगळं तेल त्यातून जात नाही, बारीक भोकातून थोडंच जातं आणि चेंबरमध्ये परततं. युनियन (नळीचा जोड) बदलताना ते भोक मोठं झालं की आयडलिंगचं प्रेशर पडतं आणि दोष पंपाला दिला जातो. आणि जुन्या एअर-कूल्ड बीटलला फिल्टरच नाही, खाली एक जाळी आहे. तिथे दोन गॅस्केटं घ्यायची आणि नटांखालचे तांब्याचे वॉशर.

बसवताना गॅस्केटला नवं तेल लावा. अख्खा फिल्टर असेल तर गॅस्केट टेकल्यावर हाताने पाऊण फेरी, पाना नको. इंजिन आयडलिंगला ठेवा, दिवा विझेपर्यंत रेस करू नका. पाच मिनिटं चालवून बंद करा, फिल्टरभोवती पांढरा कागद फिरवा, तेल खाली उतरल्यावर डिपस्टिक बघून लागेल तेवढं ओता.