सी फ्युरी उडवताना या चुका टाळा

वॉर थंडर या ऑनलाइन युद्धविमानांच्या गेममध्ये हॉकर सी फ्युरी हे ब्रिटिश नौदलाचं लढाऊ विमान नवं नवं हाती आलं की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली, हे विमान वळत नाही. दुसरी, हे विमान सरळ जात नाही. एकाच विमानाबद्दल दोन्ही कशा खऱ्या, हे कुणी विचारत नाही. रात्री जेवणं उरकून विरार, दादर, कुर्ल्याची मंडळी व्हॉइस चॅटवर जमली की गिऱ्हाईक बदलतं, तक्रारी त्याच राहतात.

खरं म्हणजे दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. आपण स्पिटफायर किंवा तिच्या नौदली आवृत्तीवर, सीफायरवर, हात बसवून आलेलो असतो आणि त्याच सवयी घेऊन या विमानात बसतो. साधा हिशोब बघा. स्पिटफायर मार्क ९ भरल्यावर साधारण सव्वातीन टनांची आणि तिच्या पंखांचं क्षेत्रफळ २४२ चौरस फूट. सी फ्युरी भरल्यावर साडेपाच टनांच्या पुढे आणि पंख फक्त २८० चौरस फुटांचे. वजन दीडपटीहून जास्त वाढलं, पंख मात्र सहाव्या हिश्श्यानेच. ती गरागरा वळणार कशी?

हॉकर कंपनीने मुळात आपल्या टेम्पेस्ट या लढाऊ विमानाचीच हलकी आवृत्ती करायला घेतली होती. पंखांमधला मधला तुकडा काढून दोन्ही पंख थेट जोडले आणि त्यातून फ्युरी झाली. पहिलं उड्डाण सप्टेंबर १९४४ मध्ये, नौदलासाठीच्या सी फ्युरीचं फेब्रुवारी १९४५ मध्ये. महायुद्ध संपलं तरी ती काही लढाईत पोहोचली नाही, १९४७ मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झाली. तोवर जेट आलेलं होतं. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) लढाऊ विमानाला जितकं पुढे नेता येईल तितकं नेऊन ठेवलेलं हे विमान आहे: ५,५०० मीटरवर ताशी सुमारे ७४० किलोमीटर. जाता जाता सांगतो, आपल्या हवाई दलाने १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत वापरलेली टेम्पेस्ट २ हिची थोरली बहीण, दोघींची इंजिनंही एकाच सेंटॉरस घराण्यातली. आणि फ्युरी पाकिस्तानच्या हवाई दलाने घेतली होती. तेव्हा ‘हे विमान आपल्याकडे होतं’ अशी पोस्ट टाकण्याआधी जरा थांबा.

वळणावर भांडू नका

समोरचा बेअरकॅट हे वळायला चपळ अमेरिकी विमान घेऊन आलाय आणि तुम्ही त्याच्या मागे वळताय. पहिल्या फेरीत तुम्ही बरोबरीत असता, कारण वेग शिल्लक असतो. दुसऱ्या फेरीत वेगाचा काटा ताशी ३०० किलोमीटरकडे घसरलेला असतो. तिसऱ्या फेरीत तो तुमच्या शेपटीवर. हे इतकं ठरलेलं आहे की रीप्ले बघायचीही गरज नाही.

या विमानाची कमाई म्हणजे वेग, आणि तो सूर मारून मिळवला की बराच काळ टिकतो. म्हणून उंचीवरून या, एकदाच गोळीबार करा, लागो न लागो, हलकेच नाक वर घेत सरळ निघून जा. निदान दोन-तीन किलोमीटर अंतर पडेपर्यंत वळायचं नाही. इथेच सगळे फसतात. शत्रूच्या विमानातून धूर निघताना दिसतो आणि ‘आता एकच फटका’ म्हणून लोक दांडा (जॉयस्टिक) पोटाशी ओढतात. तो एक फटका देताना ताशी दोनशे किलोमीटरचा वेग जातो. वेगाचा काटा ४०० च्या खाली जातोय आणि जवळपास शत्रू आहे, असं दिसलं की लढाई सोडून निघायचं, भले तो कितीही अर्धमेला असो.

कूस मात्र पटकन बदलते. कुशीवर झुकण्यात सी फ्युरी चांगली चपळ आहे, वेगातसुद्धा. मागे कुणी लागला तर गोल वळण्यापेक्षा कूस बदलून खाली सूर मारा आणि दिशा बदला.

कोरियाची गोष्ट ऐकून काही जण जेटच्या वाटेला जातात. ९ ऑगस्ट १९५२ रोजी एचएमएस ओशन या ब्रिटिश विमानवाहू जहाजावरच्या ८०२ स्क्वाड्रनच्या सी फ्युरींनी मिग-१५ पाडलं, ते खरं आहे. श्रेय त्यांच्यातले वैमानिक पीटर कारमायकल यांना मिळालं, नेमकं कुणाच्या गोळ्यांनी पाडलं यावर पुढे वादही झाला. पण तिथे चार सी फ्युरी एकत्र होत्या आणि मिग स्वतःहून त्यांच्या वेगात उतरून लढायला आलं होतं. गेममधला जेटवाला शहाणा असेल तर तो उतरणार नाही. तो वरून येईल, जाईल, परत येईल. त्याच्यासमोर एकट्याने ढगात घुसणं किंवा आपल्या लोकांकडे पळणं यात काही कमीपणा नाही.

नाक उजवीकडे का पळतं

विमान सरळ जात नाही, ही दुसरी तक्रार सिम्युलेटर मोडमध्ये, म्हणजे सगळे कंट्रोल स्वतः सांभाळायचे असतात तिथे, सर्वात जास्त. माउसने उडवणाऱ्यांना गेमची आपोआप मदत मिळते म्हणून ते वाचतात, तरी धावपट्टीवर थोडा हिसका त्यांनाही बसतो.

मर्लिन इंजिनाच्या स्पिटफायरचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. ते विमान उड्डाणाच्या वेळी डावीकडे ओढ घेतं आणि आपला उजवा पाय रडरवर, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूच्या पायडलवर, आपोआप दाबला जातो. सी फ्युरीचं सेंटॉरस उलटं फिरतं. त्यामुळे सी फ्युरी उजवीकडे ओढते आणि तुम्ही सवयीने उजवाच पाय दाबता. झालं, विमान गवतात. ज्यांनी ग्रिफन इंजिनाच्या स्पिटफायर बऱ्याच उडवल्यात त्यांना हा त्रास होत नाही, तेही उलटंच फिरतं.

तर डावा पाय. आणि थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा खटका) एकदम पुढे ढकलायचं नाही. अठरा सिलिंडर, जवळपास अडीच हजार अश्वशक्ती आणि पावणेतेरा फूट व्यासाचा पाच पात्यांचा पंखा पुढे आहे. सुरुवातीला रडरवरून पुरेशी हवा वाहत नसते, त्यामुळे तुम्ही पाय कितीही दाबला तरी शेपूट ऐकत नाही. अर्ध्याच्या आसपास थ्रॉटल देऊन दांडा किंचित मागे धरा, शेपटीचं चाक जमिनीला टेकलेलं राहू द्या. रडर ऐकतोय असं जाणवलं की बाकीची ताकद हळूहळू वाढवा. शेपूट उचलताना नाक पुन्हा एकदा उजवीकडे जाईल, त्याची तयारी ठेवा. ब्रेकने दिशा सांभाळायला जाऊ नका, तशाने नाकावर पडलेली विमानं रोज दिसतात.

डेकवरची सर्वात महाग चूक

ज्यांनी मुंबईत विक्रांत ही विमानवाहू नौका संग्रहालय होती तेव्हा, म्हणजे २०१२ च्या आधी, जहाजाच्या डेकवर पाय ठेवलाय त्यांना हे चटकन कळेल. नाळेकडे तोंड करून उभं राहिलं की जहाजाचा मनोरा आपल्या उजव्या हाताला यायचा. कोरियात सी फ्युरी उडवणारी ऑस्ट्रेलियाची सिडनी ही विक्रांतच्याच वर्गातली, मॅजेस्टिक वर्गातली. फरक एवढाच की विक्रांत पुरी होताना तिला तिरपा डेक मिळाला, सिडनीचा तेव्हाचा डेक सरळ होता. विक्रांत पुढे मुंबईच्या दारुखाना भागात तोडली गेली, पण तो मनोरा उजवीकडे होता एवढं लक्षात ठेवा.

आता चूक. तुम्ही उतरायला येताय. चाकं खाली, फ्लॅप पूर्ण खाली, हूक खाली, वेग ताशी १८०-१९० च्या आसपास. शेवटच्या क्षणी वाटतं की जास्त उंच आलो, हुकात अडकून विमान थांबवणाऱ्या डेकवरच्या तारा सुटणार. घाबरून थ्रॉटल एका झटक्यात पुढे. पंखा एका दिशेला फिरतो, त्याच्या प्रतिक्रियेने सगळं विमान दुसऱ्या दिशेला, म्हणजे उजवीकडे, उलटायला बघतं. या वेगात पंखांवरच्या कंट्रोलमध्ये त्याला रोखायचा दम नसतो. तुम्ही दांडा डावीकडे दाबता आणि आधीच थकलेला उजवा पंख आणखी लवकर पडतो. समोर उजव्या बाजूला काय आहे? मनोरा.

तेव्हा परत उठायचं असेल तर निर्णय लवकर घ्या आणि ताकद टप्प्याटप्प्याने द्या. आधी निम्मी, त्याच वेळी डावा रडर आणि नाक क्षितिजावर धरून ठेवायचं. वेग वाढतोय असं दिसलं की मग उरलेली. चाकं त्यानंतर वर. फ्लॅप एकदम उचलू नका, विमान खाली बसतं.

उतरताना सरळ रेषेत लांबून येण्याचा हट्टही सोडा. डेकच्या मागून डावीकडे झुकलेल्या वळणात या म्हणजे नाकाच्या बाजूने डेक शेवटपर्यंत दिसत राहतो. सी फ्युरीत वैमानिकाची जागा मुद्दाम उंच ठेवलेली आहे आणि सीफायरपेक्षा दिसतंही बरंच चांगलं, पण नाक वर असताना त्या गोल इंजिनापुढे कुणाचंच चालत नाही.

तोफा, तेल आणि नको ते ओझं

चार २० मिलिमीटर हिस्पानो मार्क ५ तोफा, प्रत्येक मिनिटाला सुमारे साडेसातशे फैरी सोडते. बटण धरून ठेवलं तर सगळा साठा जेमतेम बारा सेकंदांत संपतो. अर्ध्या सेकंदाचे तुकडे पाडून मारा. तोफा पंखांत असल्यामुळे गोळ्या एका ठरावीक अंतरावर एकत्र येतात, आणि ते अंतर सेटिंगमध्ये ठरवता येतं. आठशे मीटर लावून दीडशे मीटरवरून मारणाऱ्यांच्या गोळ्या शत्रूच्या दोन्ही बाजूंनी जातात, मग ‘हिस्पानोला दम नाही’ असं चॅटवर येतं. ३०० ते ४०० मीटर ठेवा आणि त्या अंतरावरूनच मारायची शिस्त लावा.

पूर्ण टाकी भरून हवाई लढाईला जाऊ नका, इंधनाचंच वजन अर्ध्या टनाच्या वर जातं. बारा रॉकेटं किंवा हजार पौंडांचे दोन बाँब लटकवता येतात म्हणून लटकवायचेच असं नाही. चढताना नाक फार उंच धरलं तर वेग कमी, हवा कमी आणि इंजिन तापतं. ताशी ३०० च्या खाली जाऊ न देता आरामात चढा, जादा ताकदीचं बटण लढाईसाठी राखून ठेवा.

विमान ओढतंय की स्टिक

सगळं नीट करूनही विमान हळूहळू एका बाजूला कलत असेल तर दोष कुणाचा ते आधी ठरवा. टेस्ट फ्लाइटमध्ये ताशी ४०० च्या आसपास सरळ उडा, स्टिक सोडून द्या, कल बघा. मग थ्रॉटल पूर्ण मागे घ्या. कल कमी झाला किंवा बाजू बदलली तर ते इंजिनाचं काम आहे, नेहमीच्या वेगाला ट्रिम (कंट्रोल थोडं एका बाजूला धरून ठेवायची सोय) लावून टाका. कल तसाच राहिला तर स्टिककडे बघा. विंडोजच्या रन खिडकीत जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) लिहून उघडा. स्टिक सोडल्यावर अधिकचं चिन्ह मधोमध शांत उभं राहायला हवं. ते थरथरत असेल किंवा एका कोपऱ्याकडे सरकलेलं असेल तर बिघाड हातातल्या वस्तूत आहे.

मुंबईत हे फार होतं. स्वस्त जॉयस्टिकमध्ये दांड्याची जागा मोजणारे पोटेन्शिओमीटर असतात, त्यांच्या आतल्या पट्टीवर धूळ आणि दमट हवा बसते. पावसाळ्यात खिडकीशी ठेवलेली स्टिक गणपतीपर्यंत नाचायला लागते. लॅमिंग्टन रोडला कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो. वायर काढा, खालचे स्क्रू उघडा, पोटेन्शिओमीटरच्या फटीत एक-दोन फवारे मारा, दांडा सगळीकडे फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. घरातल्या शिलाई मशीनचं तेल घालू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. नवी घ्यायची झाली तर चुंबकावर चालणारी, हॉल सेन्सरची घ्या. गेममध्ये डेडझोन (मधोमधचा, स्टिक हलली तरी दखल न घेतला जाणारा पट्टा) वाढवून तात्पुरतं निभतं, पण मधोमधचं बारीक निशाण साधायचं काम त्याने बिघडतं, म्हणून पाच टक्क्यांच्या वर जाऊ नये.

एप्रिल-मेमध्ये मॅचच्या दहाव्या मिनिटाला चित्र अडखळायला लागलं तर कॉम्प्युटर तापलाय. पंख्यांची धूळ काढा, फ्रेमची मर्यादा साठावर बांधा. आणि गोळ्या शत्रूच्या अंगातून आरपार जाताना दिसत असतील तर स्क्रीनच्या कडेला पिंगच्या (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेच्या) शेजारी असलेला पीएलचा, म्हणजे वाटेत हरवणाऱ्या डेटाचा (पॅकेट लॉसचा), आकडा बघा. युरोपचा सर्व्हर निवडला तर इथून पिंग शंभराच्या वर असणारच, त्याची सवय होते. पीएल मात्र शून्यच हवा. तो शून्यावर नसेल तर वायफाय बंद करून राऊटरपासून सरळ वायर ओढा, मग तोफांचं सेटिंग पुन्हा तपासा.