रीलोडिंग प्रेसचं वंगण: या चुका टाळा

रीलोडिंग प्रेस म्हणजे वापरलेल्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात) नवा प्रायमर, पावडर आणि गोळी बसवून पुन्हा काडतूस करायचं हातयंत्र. त्याचं हँडल जड जायला लागलं की बहुतेकांचा हात आधी तेलाच्या बाटलीकडे जातो. कोणतं तेल, हा प्रश्न त्यानंतर पडतो. प्रेसच्या नेमक्या कोणत्या भागाला, हा तर अनेकांना पडतच नाही, आणि सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. रॅमला, म्हणजे पुंगळी वर नेणाऱ्या उभ्या दांड्याला, एक वंगण लागतं, लिव्हरच्या सांध्यांना दुसरं, पुंगळीला तिसरं. प्रायमर, म्हणजे पावडर पेटवणारी छोटी टोपी, जिथून सरकतो तिथं कोणतंच लागत नाही.

पुढचं सगळं अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. तिथं स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकायचा धंदा करायचा तर लागतो. मात्र आपल्यापैकी बरेच जण एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असतात. अशांना बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायलाच केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही आडकाठी नाही, पण राज्याराज्याचे नियम वेगळे असतात, तेही पाहून घ्या. आणि भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. इथं वाचलेलं तिकडे घरी करून पाहू नका.

रॅमवर घट्ट ग्रीस थापणं

सगळ्यात जास्त प्रेस या चुकीनं झिजतात. वापरलेला प्रायमर पुंगळीतून ढकलला जातो तेव्हा त्याच्याबरोबर बारीक काळी भुकटी पडते. नेहमीच्या प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड असतं. ते जळल्यावर उरणारी राख हाताला खरखरीत लागते. आरसीबीएसच्या रॉक चकरसारख्या प्रेसमध्ये ही राख बऱ्याच अंशी रॅमच्या अंगावरच उतरते. तिथं घट्ट ग्रीस असेल तर राख त्यात रुतून बसते, आणि इंजिनाचे व्हॉल्व्ह घासून बसवायची जी पेस्ट असते तसलाच लगदा तयार होतो. हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला रॅम आणि त्याची बैठक घासली जाते. बिडाचा प्रेस लगेच तक्रार करत नाही. मग एक दिवस रॅम हलकासा डुगडुगतो आणि गोळी वाकडी बसायला लागते.

रॅमला पातळ थर पुरतो. एसएई ३० चं साधं मोटर ऑइल चालतं. लेथच्या सरकत्या पट्ट्यांना घालतात ते आयएसओ ६८ ग्रेडचं वे ऑइल मिळालं तर मला ते जास्त आवडतं, कारण ते उभ्या पृष्ठभागावरून लवकर ओघळत नाही. रॅम पूर्ण वर घ्या, स्वच्छ कापडानं पुसा, बोटाला लागेल एवढ्याच तेलाचा हात फिरवा, दोनतीनदा वरखाली करा आणि वर आलेलं जादा तेल पुन्हा पुसून टाका. पुसण्याचं काम तेल घालण्याइतकंच महत्त्वाचं आहे. कापड काळं निघत असेल तर अजून पुसा. ली क्लासिक कास्ट प्रेसमध्ये वापरलेले प्रायमर रॅमच्या पोकळीतून खालच्या नळीत जातात, त्यामुळे तिथं हा त्रास बराच कमी होतो.

ग्रीसची जागा लिव्हरच्या सांध्यांत आहे. तिथं जोर खूप येतो, हालचाल थोडी होते आणि राख फारशी पोचत नाही. एनएलजीआय २ घट्टपणाचं लिथियम ग्रीस पुरेसं आहे. महागड्या डब्यानं वेगळं काही साधत नाही. हॉर्नडीच्या लॉक-एन-लोड एपी प्रेसला ग्रीस निपल (ग्रीस भरायची तोंडं) दिलेले आहेत, ते त्यासाठीच. नवीन ग्रीस भरण्याआधी जुनं काढून टाका. लिथियम आणि पॉलियुरिया अशी वेगळ्या जातीची ग्रीस एकत्र आली तर मिश्रण पातळ होऊन सांध्यातून गळून जाऊ शकतं.

डब्ल्यूडी-४० आणि स्वयंपाकघरातलं तेल

डब्ल्यूडी-४० वाईट नाही, त्याचं काम वेगळं आहे. १९५३ साली सॅन डिएगोत ते पाणी हटवायला आणि गंज रोखायला बनवलं गेलं. त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे अगदी पातळ थर राहतो. अडकलेली पिन सोडवायला किंवा जुना चिकटा पुसायला ते वापरा, पण दाबाखाली काम करणाऱ्या सांध्याचं वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नका. शिवाय फवारा उडतो, आणि बाकावर प्रायमर किंवा उघडी पावडर असेल तर तिथंही पोचतो. तेल लागलेला प्रायमर कधी पेटतो, कधी पेटत नाही. काडतूस अर्धवट पेटलं तर गोळी बंदुकीच्या नळीतच अडकते, आणि ते न कळता पुढची गोळी झाडली तर नळी फुटू शकते. म्हणून तेलाची बाटली उघडण्याआधी प्रायमर आणि पावडर बाकावरून उचलून मूळ डब्यात घालून ठेवा.

खोबरेल, तीळ, सूर्यफूल यांपैकी काहीही नको. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि मिनेसोटातल्या गॅरेजात वर्षाचे कितीतरी महिने त्याहून थंडी असते. बाकीची खाद्यतेलं हवेनं हळूहळू गोंदासारखी होतात. शिवणयंत्राचं तेल मात्र छोट्या पिनांना चांगलं चालतं.

दोष प्रेसचा की पुंगळीचा?

जड हँडलचं कारण शोधायला आधी शेलहोल्डरमध्ये, म्हणजे रॅमच्या टोकाशी पुंगळी धरणाऱ्या भागात, काहीही न ठेवता हँडल ओढून पाहा. रिकामं असतानाही जड जात असेल तर रॅम किंवा सांधे मळलेत. रिकामं हलकं आणि पुंगळी ठेवल्यावरच जड, तर प्रेसला कितीही तेल पाजलं तरी फरक पडणार नाही. तिथं पुंगळीचं वंगण कमी पडतंय. या दोन वंगणांची अदलाबदल करू नका. पुंगळीसाठी मेण किंवा लॅनोलिनवर आधारलेलं, याच कामासाठी केलेलं वंगण घ्या. मोटर ऑइल तिथं चालत नाही.

रायफलच्या पुंगळीला ते कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये, म्हणजे तिला पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात, अडकते, जोर लावला तर तिची कड फाटते आणि ती काढायला वेगळी हत्यारं लागतात. जास्त झालं तर ते पुंगळीच्या खांद्यापाशी, म्हणजे ती मानेकडे निमुळती होते तिथं, साचून पुंगळीला पोचे पाडतं. असे पोचे दिसले तर आधी डायच्या आतली बाजू पुसा. फवाऱ्याचं वंगण असेल तर त्यातला द्रावक उडून जाईपर्यंत थांबा. ओल्या पुंगळ्या घाईनं डायमध्ये घातल्या की हमखास अडकतात. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांना कार्बाइड डाय असेल तर वंगणाशिवाय भागतं.

हँडल वर जाताना, म्हणजे रॅम खाली उतरताना, किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर बहुधा एक्सपांडरचा (मान आतून रुंद करणाऱ्या दांड्याचा) गोळा पुंगळीच्या मानेतून कोरडा ओढला जातोय. मानेच्या आत थोडी अभ्रकाची भुकटी लावली की आवाज थांबतो.

काम झाल्यावर पुंगळीवरचं वंगण पूर्ण पुसा. गोळी झाडताना बंदुकीच्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या पोकळीत) पितळेची पुंगळी भिंतीला घट्ट धरून बसते. तिच्यावर तेल राहिलं तर ती पकड सुटते आणि चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टवर जास्त जोर येतो.

प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये आणखी एक

प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये एका फेऱ्यात अनेक पुंगळ्यांवर वेगवेगळं काम होतं, आणि त्या धरणारी फिरती तबकडी म्हणजे शेलप्लेट. तिच्याखाली भरपूर वंगण घालायची सवय सोडा. सांडलेले पावडरचे कण त्यात चिकटतात, प्लेट नीट सपाट बसत नाही आणि प्रायमर कमीजास्त खोल बसायला लागतो. प्लेटच्या मधल्या बोल्टाला आणि खाच पकडणाऱ्या छऱ्याला नावापुरतं ग्रीस पुरे. प्रायमर पुढे सरकवणारी पट्टी मात्र कोरडीच ठेवायची. ती अडखळत असेल तर काढून पुसायची.

पुसताना हातमोजे घाला. त्या काळ्या भुकटीत शिसं असतं, त्यामुळे हवेच्या झोतानं उडवू नका, ओलसर कापडानं टिपून घ्या. ते कापड वेगळ्या पिशवीत बंद करा, हात साबणानं धुवा, आणि लहान मुलं त्या बाकाशी खेळणार नाहीत हे पाहा.

इतकं करूनही रॅम बाजूला हलत असेल किंवा पिन सांध्यात खडखडत असेल तर झीज झालेली आहे. जाड ग्रीस भरून ती काही दिवस झाकता येते, पण गोळी वाकडीच बसत राहते. पिन बदला. रॅमची बैठकच सैल झाली असेल तर प्रेसच्या कंपनीला मॉडेल कळवून विचारा.