भोईवाड्यात जाळं बघायला जाताय? आधी गंगेच्या पाण्याचं विचारा

पैठणच्या खाली गंगाथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाला (इकडं गोदावरीला गंगाच म्हणतात), भोई-कहार मंडळींच्या वस्त्या आहेत, तिथं जाळ्याची मासेमारी बघायला जायचंय, काय काय तयारी करू, असं बरेच जण विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. टोपी, पाण्याची बाटली, जुने कपडे हे सगळ्यांना कळतं, त्यावर वेळ घालवत नाही.

पहिली गोष्ट, आणि मागच्या वेळी नेमकी हीच राहिली म्हणून आमची सगळी चक्कर वाया गेली: आदल्या संध्याकाळी फोन करून विचारायचं, गंगेला पाणी सोडलंय का. आठवड्याआधी विचारलेलं धरायचं नाही, आदल्याच संध्याकाळी विचारायचं. पैठणच्या जायकवाडी धरणाला 27 दरवाजे आहेत, त्यातले थोडे जरी उचलले तरी खाली धार वाढते. आणि दरवाजे बंद म्हणजे पाणी बंद असंही नाही, पैठणच्या जलविद्युत केंद्रातूनही पात्रात पाणी सोडतात. वर नाशिक-नगरकडं पाऊस झाला की आपल्याकडं कोरडं ऊन असतानाही धरणात पाणी येतं आणि मग खाली सोडावं लागतं. धारेबरोबर जलपर्णी, काटक्या, पालापाचोळा सगळं येतं, ते जाळ्यात बसलं की जाळं फाटतं नाहीतर वाहून जातं. एका जाळ्यामागं किती पैसा आणि किती दिवसांची दुरुस्ती असते ते त्यांनाच ठाऊक, त्यामुळं धार असली की ते लोक जाळं टाकतच नाहीत. चप्पू (छोट्या होड्या) काठावर ओढलेले, जाळी घरात, आणि आपण नुसते काठावर उभे.

फोन कुणाला? तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेत कुणी ओळखीचं असेल तर त्यांना, नसेल तर ज्या मामांकडं जाणार त्यांनाच. धरणाचा विसर्ग बातम्यांत येतो, तो बघाच, पण तेवढ्यावर निघू नका, कारण खाली आपेगाव, हिरडपुरी असे बंधारे आहेत आणि त्यांचे दरवाजे उघडले का लावले हे काठावरच्या माणसालाच कळतं. नांदेडकडं धर्माबाद भागात जाणार असाल तर अजून एक. बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सुप्रीम कोर्टाच्या 2013 च्या निकालाप्रमाणं 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडेच ठेवावे लागतात, त्यामुळं तिथं थोपलेलं पाणी बघायचं तर त्यानंतरच. म्हणजे परत तेच, पाण्याचं विचारा.

महिना कोणता, तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात जाऊच नका. रोहू, कटला, मृगळ हे मासे अंडी घालतात ते पुराच्या वाहत्या पाण्यात, साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून तर धरण-तलावात दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडावी लागते. त्या दिवसांत कुणाला जाळं टाकून दाखवा म्हणायचं म्हणजे त्यांच्याच पुढच्या वर्षावर हात मारायला सांगायचं. नाथषष्ठीच्या आसपास पैठणचा रस्ताच सोडून द्या, गर्दीत गाडी हलत नाही. आणि नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, फुगवट्याकडं जाणार असाल तर ते पक्षी अभयारण्य आहे, 1986 पासून, तिथं वन खात्याला विचारल्याशिवाय काठाकाठानं हिंडू नका.

वेळ. तंगूसचं (नायलॉनच्या बारीक धाग्याचं) जाळं संध्याकाळी लावतात आणि पहाटे उचलतात. संभाजीनगरहून पैठणच पन्नासेक किलोमीटर, वस्ती त्याच्याही पुढं, म्हणजे चार-साडेचारला गाडी सुटलीच पाहिजे. नऊला नाश्ता करून पोचलात तर मासे केव्हाच बाजाराला गेलेले असतात. जमत असेल तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा, म्हणजे लावतानाही दिसेल. वरच्या दोरीला थर्माकोलचे तुकडे, खालच्या दोरीला शिशाचे मणी, त्यामुळं जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं आणि मासा त्यात डोकं घालतो तो कल्ल्यापाशी अडकतो. काढताना बघा, ओढत नाहीत, एकेक धागा कल्ल्यावरून बोटानं मागं सारतात, मासाही फाटत नाही आणि जाळंही.

फेकायचं जाळं बघायचं असेल तर ते आधी सांगून ठेवा, सगळेच ते वापरत नाहीत. दोरीचं टोक मनगटाला बांधलेलं, थोडं जाळं खांद्यावर, थोडं हातात, कडेचा शिशाचा एक मणी दातात धरलेला, अंगाला असा झोका देतात आणि दात सुटायची वेळ एवढी नेमकी असते की जाळं पाण्यावर पूर्ण गोल पडतं. त्या वेळी बोलू नका, शेजारी उभे राहू नका आणि "परत एकदा, व्हिडिओ नीट आला नाही" असं तर अजिबात म्हणू नका, ओलं जाळं किती जड असतं ते एकदा हातात घेऊन बघा.

वाळूवर वाळत घातलेलं जाळं ओलांडायचं नाही, चप्पल घालून तर नाहीच. वळसा घालून जा. याचं कारण विचारत बसू नका, ज्याच्यावर पोट आहे त्याच्यावरून पाय टाकत नाहीत, एवढं पुरे.

पाण्यात उतरू नका. पात्रात वाळू उपशाचे खड्डे आहेत, गुडघाभर वाटलं तरी पुढच्या पावलाला डोक्यावर पाणी. पोहता येत नसेल तर चप्पूत बसायचा हट्ट नको, बसलात तर लाईफ जॅकेट स्वतःचं न्या, त्यांच्याकडं नसतं. पोरं सोबत असतील तर एक मोठं माणूस फक्त पोरांमागं. आणि मधल्या वाळूच्या बेटावर जायचं असेल तर पुन्हा विचारा, पाणी सोडणार आहेत का आज. हो, परत विचारा. धार वाढली की मागची वाट बंद होते.

फोटो विचारून. मासे विकतात त्या बहुतेक बाया असतात, मावशी, काढू का, एवढं म्हणायला काय जातं. मासे घेणार असाल तर सांगतील त्या भावानं घ्या, उगं घासाघीस नको. चिलापी स्वस्त असते, पण मरळ नाहीतर वाम मिळाली तर सोडू नका.

सुट्टे पैसे, थर्माकोलचा डबा, बर्फ, टॉर्च, पॉवर बँक, एक जोडी कोरडे कपडे. परतीला ऊन व्हायच्या आत निघा, मासे तिथंच साफ करून घ्या आणि त्याचे वेगळे पैसे द्या. फोटो नंतर पाठवतो म्हणालात तर पाठवा. आणि ज्यांचं जायचं उद्याचं ठरलंय त्यांनी फोन आत्ता लावा, पाण्याचं विचारा, मग डबा भरा.